भोये सरांची टोपली

भोये सर माझ्यावर पहिल्यांदा चिडले ते शेवळांच्या, म्हणजे पावसाच्या तोंडी येणाऱ्या रानभाजीच्या, एका वाट्यावरून. जव्हारच्या कनिष्ठ महाविद्यालयात मी मराठी शिकवायला लागून जेमतेम महिना झाला होता. सर तिथेच अर्थशास्त्र शिकवायचे आणि शुक्रवारी तास संपले की जीप पकडून खोडाळ्याच्या वाटेवरच्या एका गावी आठवडे बाजाराला जायचे. त्या गावाचं नाव मी लिहीत नाही. तिथल्या ग्रामपंचायतीत माझे बरेच विद्यार्थी बसतात आणि मला अजून तिकडे भाजी घ्यायला जायचं असतं.

त्या दिवशी मीही सरांबरोबर गेले. बुधीआजी नावाची एक म्हातारी गोणपाटावर शेवळांचे वाटे मांडून बसली होती. तिने भाव सांगितला, मी पैसे दिले, सुटे परत देऊ लागली तर 'राहू दे आजी' म्हटलं. मला माझं बरंच कौतुक वाटत होतं. सर मात्र मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, तुम्ही तिचा अपमान केलात."

मला कळेना. मग सरांनी समजावलं. ती पहाटे डोंगर उतरून आली, येताना मनात एक भाव धरून आली. मुद्दाम वरचा सांगितला, म्हणजे मी खालचा म्हणेन, ती भांडेल, मी उठून जाण्याचं नाटक करेन, ती हाक मारेल. तेवढा वेळ ती माझ्या बरोबरीची असते. "आणि तुम्ही न बोलता पैसे टाकलेत. बाजारात बसलेली बाई तुम्ही उचलून देवळाच्या पायरीवर नेऊन बसवलीत."

एवढं बोलून स्वतः तिच्यासमोर उकिडवे बसले आणि तशाच दुसऱ्या वाट्यासाठी घासाघीस सुरू केली. बुधीआजीने त्यांच्या शाळेचा, डोळ्यांवरच्या चष्म्याचा उद्धार केला, खडूने हात पांढरे करणाऱ्याला शेवळातलं काय कळतं असंही विचारलं. सौदा जमला तेव्हा दोघंही खुश दिसत होती. पिशवीत वाटा टाकून झाल्यावर तिने आपल्या हाताने वर एक मूठ आणखी टाकली. ही 'वर' टाकायची रीत आपल्याकडे सगळ्या बाजारांत आहे. मला तिने वर काही टाकलं नव्हतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

सर दाभोशाच्या बाजूच्या एका पाड्यावरचे. घरची बोली वेगळी, मराठी शाळेत येऊन शिकलेली, त्यामुळे त्यांचं मराठी पुस्तकी आणि स्वच्छ होतं. फार रागावले की तेवढी घरची बोली वर यायची. अंगाने किरकोळ, सदरा कायम पांढरा, बाह्या कोपराच्या वर दुमडलेल्या, आणि खांद्याला एक कापडी पिशवी. ती पिशवी रिकामी असली की विचार करताना ते तिच्या घड्या घालत बसायचे. घडी नीट बसली म्हणजे सरांचं मत ठरलं, असं आम्ही स्टाफरूममध्ये म्हणायचो. त्यांच्या आईने डोक्यावर पाटी घेऊन जन्मभर बाजार केले. करवंदं, मोहाची फुलं, कोंबडीची अंडी, जे असेल ते. त्या पाटीवर सर शिकले आणि ते हे विसरत नव्हते, कुणाला विसरू देत नव्हते.

स्टाफरूममध्ये त्यांचं कुणाशीच पटायचं नाही. आम्ही सगळे थोडेफार सरकारकडे डोळे लावून बसलेले. माझे वडील तर नाशकात मोर्चांत वाढलेले, विषमतेवर बोलायला लागले की जेवण थंड व्हायचं. मी ते बाळकडू घेऊन आलेली. एकदा मी गरीब-श्रीमंत दरीवर जरा तावातावाने बोलले. सर शांतपणे म्हणाले, "आमच्या पाड्यावर पूर्ण समानता होती बाई. श्रावणात सगळेच कडूकंद उकडून खायचे." सगळे हसले, मीही हसले. पण सर हसत नव्हते. ते कंद कापून रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवावे लागतात, नाहीतर घसा सोलवटतो, हे त्यांनी नंतर एकदा सहज सांगितलं.

त्यांच्याच पाड्यावरच्या एका माणसाने पहिल्यांदा मोगरा लावला. फुलं मुंबईला जायला लागली, त्याच्या दारात मोटारसायकल आली आणि पाड्यावर कुजबुज सुरू झाली. सरांनी बारावीचा अख्खा वर्ग त्याच्या शेतावर नेला. एका मुलाने विचारलं, याच्याकडेच एवढं का? सरांनी त्याच्या पायांकडे बघून विचारलं, "त्याची मोटारसायकल आली तेव्हा तुझी चप्पल गेली का?" मी तिथेच होते, मला राहवलं नाही. म्हटलं, ज्याला जमीनच नाही त्याने काय लावायचं? सर म्हणाले, त्याला फुलं तोडायला बोलावतात, म्हणजे वीटभट्टीवर जावं लागत नाही. हे सगळ्यांच्या बाबतीत खरं नव्हतं. दिवाळी झाली की अजूनही पोरंबाळं आणि कोंबड्या घेऊन माणसं भट्ट्यांवर जातच होती, आणि सरांना ते माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. पण दोन-तीन वर्षांत त्या पाड्यावर आणखी मोगरे लागले हेही मी पाहिलं.

सरांचं एक वचन स्टाफरूमची म्हणच होऊन बसलं होतं. स्नेहसंमेलनाच्या आनंद मेळाव्यात मुलं खाण्याचे स्टॉल लावायची. एका वर्षी प्राचार्यांनी न्यायबुद्धीने ठरवलं की भज्यांची प्लेट सगळ्यांनी एकाच भावाने, आणि तीही स्वस्त, विकायची. सरांनी विरोध केला, कुणी ऐकलं नाही. मेळावा सुरू झाला तेव्हा भजी नेहमीसारखी होती. दुपारपर्यंत ती सुपारीएवढी झाली. प्राचार्य प्लेट हातात घेऊन बघत राहिले. सर मागून म्हणाले, "भाव बांधला की भजी लहान होतात, सर." पुढे स्टाफरूममध्ये कुठल्याही सरकारी निर्णयावर कुणीतरी 'भजी लहान होणार' म्हणायचंच.

पण सर कर चुकवणाऱ्यांतले नव्हते. जीपवाल्यांचं ते तोंडभरून कौतुक करायचे. म्हणायचे, एस.टी. वेळ झाली की सुटते, जीप माणसं भरली की सुटते, गिऱ्हाईक कुणाला हवंय ते ओळखा. मी म्हटलं, आणि भर पावसात एका बाळंतिणीसाठी रिकामी बस कोण आणतं? वावरची मुलं कुपोषणाने गेली त्यानंतर जे रस्ते झाले ते कुणाच्या पैशातून झाले? सरांनी पिशवीच्या दोन घड्या घातल्या. मग म्हणाले, त्या वेळी ते तरणे होते, त्या बाजूला पायी गेले होते, आणि त्यावर वाद घालायची त्यांची इच्छा नाही. "कर नको असं मी कधी म्हटलं? घ्यायलाच पाहिजे. पण कणसातलं घ्या, बाई. आवणातलं घेऊ नका." आवण म्हणजे लावणीला तयार झालेली भाताची रोपं. तीच उपटून नेली तर लावायला काय राहणार, एवढाच त्याचा अर्थ. आमच्याकडच्या कुणालाही तो सांगावा लागत नाही.

हे वचन त्यांच्या गळ्यात कसं पडलं, ती खरी गोष्ट आहे.

सर निवृत्त झाले त्या सुमाराला शुक्रवारचा बाजार मोडायला आला होता. आमच्याकडे आठवडे बाजाराच्या पट्टीचा, म्हणजे तिथे बसण्याच्या कराचा, दरवर्षी लिलाव होतो. जो जास्त बोली लावेल तो ठेकेदार. त्याने पंचायतीला अनामत आणि हप्ते भरायचे आणि बाजारात बसणाऱ्यांकडून पट्टी गोळा करायची. पंचायतीने पट्टी वाढवली होती आणि ठेकेदाराचा माणूस सकाळी बायका पाटी उतरवतात न उतरवतात तोच पावती फाडायचा. प्लास्टिकच्या बादल्यांचा टेंपो लावणाऱ्याला जेवढी पट्टी, तेवढीच लोताच्या रानभाजीचे दोन वाटे घेऊन आलेल्या बुधीआजीला. विकलं जावो न जावो. म्हणून बायका हळूहळू गावाच्या हद्दीबाहेर फाट्यावर बसायला लागल्या. तिथे ना सावली, ना पाणी, वर जीपचा धुरळा. बायकांमागे गिऱ्हाईक गेलं आणि बाजाराच्या मैदानात बादलीवाले एकमेकांची तोंडं बघत बसले. ठेकेदार बुडाला. पुढच्या लिलावाला बोली लावायला कुणी येईना. तेव्हा पंचायतीत चर्चा सुरू झाली की फाट्यावर बसणाऱ्या बायकांना दंड करावा.

सर तडक पंचायतीत गेले. सरपंच त्यांचीच विद्यार्थिनी होती, हुशार आणि तोंडाची खमकी. सरांनी तिला आवण आणि कणीस समजावलं. पट्टी विकल्यावर घ्या, जागेप्रमाणे घ्या, बाजार वाढेल आणि तुमचं उत्पन्नही वाढेल. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सर, बारावीत तुम्ही हेच शिकवलंत. आता लिलाव तुम्हीच घ्या ना."

आणि सरांनी घेतला. दुसरं कुणी बोली लावत नव्हतं, तरी पंचायतीने ठरवलेल्या किमतीला घ्यावा लागला. अनामत भरली ती निवृत्तीच्या पैशातून. तो पैसा काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, घरावर स्लॅब टाकायला राखून ठेवला होता. त्यांच्या स्वयंपाकघरात पावसाळ्यात चार ठिकाणी भांडी ठेवावी लागायची. हप्ता चुकला तर अनामत जप्त, हे करारात स्पष्ट होतं. काकू भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "बाजार गळतोय का घर गळतंय, ते एकदा वर बघून ठरवा."

पहिल्याच आठवड्यात सर फाट्यावर जाऊन बायकांत बसले आणि सांगितलं की सकाळी कुणी पावती फाडणार नाही. बाजारातून निघताना, जीपच्या थांब्याजवळ आंब्याखाली एक टोपली ठेवलेली असेल. विकलं गेलं तर पट्टी तिच्यात टाकायची. मोजायला, बघायला कुणी असणार नाही. बायका ऐकत होत्या. बुधीआजीने विचारलं, "आन इकलंच नाय गेलं तं?"

"तर पट्टी नाही."

"आन इकलं, आन मी नाय इकलं म्हनलं तं?"

सरांनी जरा विचार केला. "तर तुझं तुला, आजी."

तिला हे उत्तर बहुधा आवडलं नसावं, पण पुढच्या शुक्रवारी पहिली पाटी मैदानात तिचीच उतरली. तिच्यामागे बाकीच्या आल्या.

आता सरांच्या हातून झालेली चूक सांगते. ती पाड्यावर जन्मलेल्या माणसाकडून व्हायला नको होती, किंवा कदाचित त्याच्याकडूनच व्हायची. संध्याकाळी टोपली उचलायला आम्ही गेलो तर तिच्यात थोडी नाणी होती आणि बाकी मोहाची फुलं, पळसाच्या पानात करवंदं, सुके बोंबील, मूठभर उडीद आणि दोन अंडी होती. इकडच्या बायकांची जुनी रीत आहे, बाजाराहून जाताना उरलेल्यातली मूठ वेशीवरच्या देवापुढे ठेवायची. पैसा घरी न्यायचा असतो, मूठ ठेवायची असते. निघताना टोपलीत काहीतरी ठेवा म्हटल्यावर त्यांनी तीच मूठ ठेवली, आणि प्रामाणिकपणे ठेवली. सरांच्या आईनेही आयुष्यभर तेच केलं होतं. पैसा हा माणसाचा सगळ्यात मोठा शोध, असं शिकवत आलेल्या माणसाच्या हातात अंडी पडली. मला इतकं हसू आलं की मला खालीच बसावं लागलं. सर मात्र अंड्यांकडे बघत होते. पंचायत हप्ता अंड्यांत घेणार नव्हती.

पुढच्या शुक्रवारी सर स्वतः गोणपाट घेऊन बाजारात बसले. निवृत्त प्राध्यापक, पांढरा सदरा, पुढे टोपलीतल्या मालाचे वाटे. बातमी जव्हारपर्यंत पोचली. आमचे इतिहासाचे सर मुद्दाम बघायला आले आणि पाव किलो बोंबील घेऊन गेले. बायकांनी तर सरांना सोलून काढलं. जन्मभर त्यांनी या बायकांशी घासाघीस केली होती, आता पाळी त्यांची होती, आणि विकणाऱ्याच्या बाजूने ती विद्या त्यांना अजिबात येत नव्हती. कुणी उठून चालायला लागलं की खरंच गेली असं समजून ते मागनं हाक मारायचे आणि भाव निम्मा करायचे. विकून झालं की उठून आंब्याखाली जायचे आणि स्वतःच्या टोपलीत स्वतःची पट्टी टाकायचे. मी त्यावर हसले तर म्हणाले, "नियम सगळ्यांना सारखा. समानता समानता म्हणता ती मला एवढीच कळते."

दोन हप्ते त्यांनी घरातून भरले. पाऊस तोंडावर आला होता. काकू बोलत नव्हत्या, पण भांडी माळ्यावरून काढून ठेवली होती. मी सरांना म्हटलं, बायकांना स्पष्ट सांगा की मूठ नको, पैसे टाका. ते म्हणाले, सांगितलं तर टाकतील, माझी दया येऊन टाकतील. ते त्यांना नको होतं. मला त्या दिवशी त्यांचा राग आला. हट्टाला तत्त्व म्हणणं पुरुषांना फार सोपं जातं.

सुटका केली बुधीआजीने. तिसऱ्या की चौथ्या शुक्रवारी ती अंड्यांचा वाटा घेऊन सरांच्या शेजारीच बसली होती. सरांनी नेहमीप्रमाणे एका बाईला अंडी मातीमोल दिली. ती बाई गेल्यावर बुधीआजीचा पारा चढला. तिने आजूबाजूच्या बायकांना गोळा केलं आणि सगळ्यांदेखत सांगितलं, "आजपून टोपलीत पैसंच टाका. अंडी टाकू नगा."

सर दुखावले. "आजी, दया करतेस का माझ्यावर?"

"दया कशाची? तू भाव पाडतोस आमचं."

सर इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. जीपमध्ये बसेपर्यंत ते मला तेच सांगत होते. बघा बाई, कुणी भाषण दिलं नाही, कुणी दंड केला नाही. तिला तिची अंडी चांगल्या भावाने विकायची आहेत, म्हणून ती माझा हप्ता भरणार. मी म्हटलं, जन्मभर शिकवलंत ते शेवटी अंड्यांनी सिद्ध केलं. त्यावरही ते हसले. इतके मोकळे मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

त्यानंतर टोपलीत पैसे पडू लागले. विकणाऱ्यांना विकल्याशिवाय पट्टी नाही म्हटल्यावर लांबलांबच्या पाड्यांवरच्या बायका उतरायला लागल्या. माल वाढला म्हणून गिऱ्हाईक वाढलं, गिऱ्हाईक वाढलं म्हणून घाटावरचे कांदेवाले आणि किनाऱ्यावरचे सुक्या मासळीवाले आले. ते जागेप्रमाणे पट्टी देत होते आणि फार कुरकुरत नव्हते. न टाकता जाणाऱ्याही असतीलच. सर त्या बाजूला पाठ करून बसायचे. वर्ष संपलं तेव्हा पंचायतीचे सगळे हप्ते फिटले होते आणि सरांच्या हातात अनामत परत आली. मधल्या पावसात घर अखंड गळलं होतं, त्यामुळे भिंतींच्या डागडुजीतच बराचसा पैसा गेला. स्लॅब झाला नाही, नवे पत्रे झाले. काकू मला म्हणाल्या, पत्र्यावर पाऊस मोठ्याने वाजतो, पण यांचं व्याख्यान तेवढ्यापुरतं ऐकू येत नाही.

मग पुन्हा लिलाव आला. बाजार आता भरलेला, तेव्हा बोली लावायला गर्दी. घाटाखालच्या एका मोठ्या ठेकेदाराने अशी बोली लावली की पंचायतीतले सगळे ताठ बसले. सर्वांनी सरांकडे बघितलं. सरांनी एकदा बोली वाढवली, त्याने लगेच आणखी वाढवली. सर पिशवीच्या घड्या घालत राहिले आणि पुढे बोलले नाहीत. बाहेर आल्यावर मला म्हणाले, बाजाराला किंमत आली म्हणून बोली आली, वाईट कशाला वाटून घ्यायचं. पण त्यांचा चेहरा उतरला होता.

नवा ठेकेदार पट्टी सकाळीच घेणार असं सांगत फिरत होता. सरपंच स्वतः सरांच्या घरी आली. करारात अट घालते म्हणाली, पट्टी विकल्यावरच घ्यावी अशी, तुम्ही फक्त अर्ज करा. मी तिथेच होते. मीही म्हटलं, कराच. सर नाही म्हणाले. आज तू चांगली अट घालशील, उद्या तुझ्या जागी दुसरा बसेल आणि दुसरी घालेल, बायकांना दर वेळी तुमच्या तोंडाकडे बघत बसावं लागेल. मग काय करायचं, मी विचारलं. ते म्हणाले, काही नाही, फाटा आहे ना. मला ते अगदी निर्दय वाटलं आणि मी तसं तोंडावर म्हटलं. त्या दिवशी आम्ही चहा न घेता उठलो.

नव्या ठेक्याच्या पहिल्या शुक्रवारी मी कॉलेजातून रजा घेऊन गेले. सर आंब्याखाली बसले होते, त्यांची टोपली तिथे नव्हती. पिशवी मांडीवर घेऊन ते घड्या घालत होते आणि मोडत होते, एकही नीट बसत नव्हती. आमच्या भांडणानंतर पहिल्यांदाच भेटत होतो, त्यांनी नुसती जागा करून दिली. समोर ठेकेदाराचा माणूस पावतीपुस्तक घेऊन रांगेने येत होता. पहिल्या दोघी-तिघींनी मुकाट्याने कनवटीचे पैसे काढून दिले. सरांनी मान खाली घातली. या माणसाने जन्मभर ज्यावर भरवसा ठेवला ते सगळं आता या बायकांच्या हातात होतं, हे मला तेव्हा इतकं स्पष्ट दिसलं की माझा राग कुठल्या कुठे गेला.

तो माणूस बुधीआजीपाशी आला. तिने पाटी अजून सोडलीही नव्हती. ती म्हणाली, "इकल्यावर ये." तो म्हणाला, ते गेल्या वर्षी, आता सकाळीच. बुधीआजीने वाद घातला नाही. पाटी पुन्हा डोक्यावर घेतली आणि फाट्याच्या वाटेला लागली. तिच्यामागे शेजारची उठली, मग तिच्या पलीकडची. ज्यांनी पैसे भरले होते त्या आपले पैसे परत मागत उठल्या. तासाभरात मैदानात कांदेवाले आणि मासळीवाले तेवढे उरले आणि तेच ठेकेदाराच्या माणसाशी भांडू लागले, कारण पट्टी त्यांनी भरली होती आणि गिऱ्हाईक फाट्यावर चाललं होतं.

ठेकेदार धंदेवाला होता, अडून बसणं त्याला परवडणारं नव्हतं. दोनेक आठवड्यांत आंब्याखाली पुन्हा टोपली आली. या वेळी तिला लाल रंगही दिलेला होता. मला वाटलं सर आता मला सोडणार नाहीत, चांगले सुनावतील. पण ते एवढंच म्हणाले, "खरं सांगू बाई, मला वाटलं होतं त्या पट्टी भरून बसतील."

माझे वडील असते तर त्यांनी या गोष्टीतून वेगळंच काही काढलं असतं, म्हणाले असते की हा तर संप झाला. मी सरांना ते सांगितलंही. त्यांनी ते मान्य केलं नाही आणि पुढचा आठवडाभर मला भेटेल तिथे अडवून का नाही ते समजावलं.

नंतर सरांच्या किडन्यांनी दगा दिला. नाशिकच्या फेऱ्या सुरू झाल्या, मग जव्हारच्या सरकारी दवाखान्यातच डायलिसिसची सोय झाली. मी भेटायला गेले तेव्हा मुद्दाम विचारलं, कसं आहे करातलं औषध? म्हणाले, कणसातलं घेतलंय, चांगलं वापरतात, मी कशाला नाव ठेवू. नर्सबाईंशी मात्र सुईवरून घासाघीस चालायची.

आता सरांना जाऊन दोन पावसाळे झाले. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते बाजारातच. भाद्रपद होता. काकू नको म्हणत असताना ते जीपने आले होते, परसातल्या काकड्या घेऊन बसले होते, बुधीआजीच्या शेजारी. सदरा अंगावर लोंबत होता, हातावर सुयांचे काळे डाग होते. मला बघून बुधीआजीने हळूच सांगितलं, "सकाळपून एक गेली नाय." दुपार कलली होती. ठेकेदाराच्या लाल टोपलीकडे बायका एकेक करून जाऊन परत येत होत्या.

मी भाव विचारला. त्यांनी सांगितला, तो अवाच्या सवा होता. माझा हात पर्सकडे गेला, माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि मला ते लवकर संपवून टाकायचं होतं. सरांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला ओळखीची होती. मी पर्स बंद केली, उकिडवी बसले आणि म्हटलं, एवढ्या पैशात तर खोडाळ्यात वेल मिळेल. सर म्हणाले, मग खोडाळ्यात जा. मी काकडी हातात घेऊन वाकडी म्हटलं, त्यांनी माझी मान वाकडी म्हटलं. मी उठले, चार पावलं गेले, मागून हाक येईल म्हणून थांबले. हाक आली नाही. या वेळी ते फसले नाहीत. मलाच परत यावं लागलं. बुधीआजी पदर तोंडाला लावून हसत होती. शेवटी माझा भाव थोडा वर गेला, त्यांचा बराच खाली आला आणि सौदा जमला.

त्यांनी काकड्या माझ्या पिशवीत भरल्या. मग जरा थांबून वर आणखी एक टाकली.

पैसे घेऊन त्यांनी ते कपाळाला लावले. गुडघ्यावर हात रेटून उठले. मी धरायला गेले तर बुधीआजीने मला हाताने अडवलं. सर हळूहळू, मध्ये एकदा थांबून, आंब्याखाली गेले, लाल टोपलीवर वाकले आणि पट्टी आत टाकली.

"इकलं मास्तरचं," बुधीआजी पलीकडच्या बाईला म्हणाली.